माकडाचं राहू द्या, शिवडीकडे बघा

2018 च्या जानेवारीत औरंगाबादच्या एका वैदिक संमेलनात तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विनचा उत्क्रांतीचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे. माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं आपल्या पूर्वजांनी ना कुठे लिहून ठेवलंय ना सांगितलंय, तेव्हा शाळा-कॉलेजांतून हे शिकवणं बदलायला हवं. देशातल्या तीन विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून प्रतिवाद केला, चार दिवस चॅनेलांवर आरडाओरडा झाला आणि विषय मागे पडला. सिंह हे राजकारणात येण्याआधी मुंबईचे पोलीस आयुक्त होते. 'साक्षीदार कुठाय?' हा प्रश्न खाकी वर्दीतून आलेला, त्यात वावगं काही नाही. पण डोळ्यांनी पाहणारा एकही माणूस नसताना बोटांचे ठसे, फोनचं लोकेशन आणि रक्ताचा डाग यांच्या बळावर किती खटले उभे राहतात आणि टिकतात, हे या शहराच्या आयुक्ताहून जास्त कोणाला माहीत असणार!

उत्क्रांतीचा खटलाही परिस्थितीजन्य पुराव्यावर उभा आहे, आणि पुरावा भक्कम आहे. एकच नमुना बघा. चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्या पेशींत गुणसूत्रांच्या 24 जोड्या असतात, माणसात 23. त्यांचा आणि आपला पूर्वज एक असेल तर मधली एक जोडी गेली कुठे? अख्खी जोडी हरवून जीव जगत नाही. म्हणजे दोन गुणसूत्रं कुठेतरी एकमेकांना चिकटलेली सापडायला हवीत. न सापडली तर डार्विनवाद्यांची पंचाईत. 1991 मध्ये ती सापडली. गुणसूत्राच्या टोकांवर डीएनएची एक ठरावीक अक्षरमाळ असते, ती एरवी टोकावरच शोभते. आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्राच्या पोटात ती अक्षरमाळ समोरासमोर जोडलेली मिळाली. दोन टोकं जिथे सांधली गेली, तो सांधा. कोणत्याही सत्र न्यायालयात चालेल असा ठसा आहे हा.

मंत्र्यांना हसणं मात्र मला फारसं पटलं नाही. कारण त्यांचा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. चांगले शिकलेले, बँकेत अधिकारी असलेले, मुलं अमेरिकेत असलेले लोक जेवणाच्या पंगतीत हाच प्रश्न विचारतात: 'माकडापासून माणूस झाला म्हणता, मग आताची माकडं माणसं का होत नाहीत?' आणि विचारून झालं की समोरच्याला गप्प केल्यासारखे हसतात.

उत्तर तसं साधं आहे. कान्हेरीच्या वाटेवर आपल्या हातातली पिशवी ओढणारं माकड आपलं आजोबा-पणजोबा नव्हे, चुलत घराण्यातलं आहे. त्याची आणि आपली वाट अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी फुटली. चिंपांझीची आणि आपली साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी. तेव्हापासून तीही आपल्याइतकाच काळ बदलत आली आहेत. त्यांना माणूस व्हायचंच नाहीये. पण हे उत्तर देऊन भागत नाही, हा अनुभव आहे. ऐकणारा मान डोलावतो आणि पुन्हा विचारतो, 'तरी पण एखाद्या माकडात काहीतरी बदल दिसायला नको का?'

हे 'एखाद्या माकडात' आहे ना, सगळा घोळ तिथे आहे. उत्क्रांतीबद्दलच्या बहुतेक गैरसमजांचं मूळ एकच: आपण बदल एकट्यादुकट्या जिवात शोधतो, आणि तो घडतो समूहात. कोणतंही जनावर आपल्या आयुष्यात उत्क्रांत होत नाही. पिढीमागून पिढी समूहात कोणाचं प्रमाण वाढलं आणि कोणाचं घटलं, एवढाच तो हिशेब असतो.

मुंबईकराला हे कळायला अवघड जाऊ नये. लालबाग-परळ गेल्या चाळीस वर्षांत ओळखू येणार नाही इतकं बदललं. 1982 च्या संपाआधीचं गिरणगाव आणि आजचं, दोन्ही पाहिलेली माणसं अजून आहेत. पण म्हणून कोणी गिरणी कामगार हळूहळू टॉवरमधला फंड मॅनेजर होत गेला का? कामगार गावी गेला, बदलापूरला गेला, काही तिथेच राहिले. नवी माणसं आली. माणूस माणूसच राहिला, वस्तीचा तोंडवळा पालटला. जीवसृष्टीत हे जाणं-येणं मरण्याने आणि जन्माने होतं, आणि जन्मणाऱ्यांत आईबापांचे गुण उतरतात, एवढा फरक लक्षात ठेवला की डार्विन निम्मा समजला.

ही सूक्ष्म चूक वाटेल, तिने कोणाचं काय बिघडतं असंही वाटेल. बिघडतं. ते पाहायचं तर शिवडीला, महापालिकेच्या क्षयरोग रुग्णालयापाशी जायला हवं.

'टीबीचे जंतू औषधाला सरावतात' असं आपण म्हणतो. रुग्ण म्हणतात, नातेवाईक म्हणतात, पुष्कळ डॉक्टरही रुग्णाला समजावताना हेच म्हणतात. डोळ्यांसमोर चित्र काय येतं? जंतू औषध खातो, आधी थोडा कळवळतो, मग हळूहळू त्याला सवय होते, व्यायामाने दंड कमवावेत तसा तो घट्ट होतो. दिसायला चोख, पण साफ चूक. 1952 मध्ये जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या दांपत्याने एक प्रयोग केला, त्याने या चित्राचा निकाल लागला. काचेच्या बशीत जंतूंच्या शेकडो वसाहती वाढवल्या. मग मखमलीचा तुकडा त्या बशीवर अलगद टेकवला आणि त्याचा ठसा दुसऱ्या बशीत उमटवला, मग तिसऱ्या, मग चौथ्या. या नव्या बशांत औषध होतं. बहुतेक वसाहती मेल्या, मोजक्या जगल्या. गंमत अशी की प्रत्येक बशीत जगलेल्या वसाहती त्याच त्याच जागी होत्या. मग त्यांनी मूळ बशीतली तीच जागा शोधली, जिला औषधाचा वाराही लागला नव्हता, तिथले जंतू घेतले आणि तपासले. ते औषधाला दाद न देणारेच निघाले.

म्हणजे औषध येण्याआधीच ते तिथे होते. औषधाने त्यांना घडवलं नाही. औषधाने बाकीच्यांना मारून त्यांच्यासाठी मैदान मोकळं केलं. पुढे 2011 मध्ये तीस हजार वर्षं गोठलेल्या मातीत प्रतिजैविकांना तोंड देणारी जनुकं सापडली. तेव्हा पृथ्वीवर एकही केमिस्ट नव्हता.

आता हा हिशेब क्षयाच्या रुग्णाच्या छातीत नेऊ. फुप्फुसात पोकळी पडली असेल तर तिच्यात दहा कोटींच्या घरात जंतू असू शकतात. आयसोनायझिड आणि रिफॅम्पिसिन ही टीबीची दोन मुख्य औषधं. आयसोनायझिडला दाद न देणारा जंतू साधारण दहा लाखांत एक निघतो, रिफॅम्पिसिनला न देणारा साधारण दहा कोटींत एक. एकटं आयसोनायझिड दिलंत तर त्या पोकळीत शंभरेक जंतू शिल्लक राहणार, आणि सहा महिन्यांनी सगळी पोकळी त्यांच्याच वंशावळीने भरलेली असणार. दोन्ही औषधं एकदम दिलीत तर दोघांनाही पुरून उरणारा जंतू कोटी गुणिले कोटीत एक. एका छातीत इतके जंतू मावतच नाहीत. टीबीला चार-चार गोळ्या एकदम का देतात, याचं कारण औषधशास्त्रात थोडं आहे आणि उत्क्रांतीत जास्त. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं, माणूस कामावर जाऊ लागतो, आणि नेमक्या त्याच वेळी छातीत उरलेले चिवट जंतू मोजके असतात. गोळ्या अर्धवट घेतल्या, किंवा परवडतं म्हणून त्यातली एकच घेतली, की आपण हाताने निवड करून दिली.

मुंबईने हे भोगलंय. 1991 मध्ये इथल्या झोपडपट्ट्यांत काम करणाऱ्या शंभरेक खाजगी डॉक्टरांची पाहणी झाली, तेव्हा त्यांनी क्षयासाठी ऐंशी वेगवेगळ्या औषधयोजना लिहून दिल्या होत्या. 2010 मध्ये पुन्हा पाहणी झाली: 106 डॉक्टर, 63 योजना, बरोबर सहांच्या. 2011 च्या अखेरीस मुंबईतल्याच एका रुग्णालयातल्या डॉक्टरांनी असे चार रुग्ण नोंदवले की ज्यांच्या जंतूंनी तपासलेल्या एकाही औषधाला दाद दिली नव्हती. डॉक्टरांनी त्या आजाराला दिलेल्या 'संपूर्ण औषधरोधी टीबी' या नावावर सरकारने आक्षेप घेतला, त्यावरून बराच वाद रंगला. त्या अहवालातली खरी वाचण्यासारखी ओळ वेगळीच होती. चारपैकी तिघांना आधी निरनिराळ्या डॉक्टरांकडून दुसऱ्या फळीची, म्हणजे नेहमीची लागू पडेनाशी झाली की द्यायची, औषधं मिळाली होती, तीही एकेक करून वाढवत, अनेकदा चुकीच्या मात्रेत. जुनं लागू पडेना, नवं एक जोडा. तेही लागेना, अजून एक जोडा. जंतूला शंभर टक्के प्रतिकारक करायचं असेल तर प्रयोगशाळेत नेमकी हीच पद्धत वापरतात.

तो एकेक औषध जोडणारा डॉक्टर देवभोळा असेल किंवा नास्तिक, डार्विनवर त्याचा विश्वास असेल किंवा नसेल, मला त्याच्याशी कर्तव्य नाही. एमबीबीएसच्या परीक्षेत त्याने प्रतिकाराची व्याख्या पाठ लिहिली असणार. पण त्याच्या डोक्यात जंतू 'सरावत' होते, निवडले जात नव्हते. सरावणाऱ्या शत्रूला डोस वाढवून, औषध बदलून दमात घेता येतं असं वाटतं. निवडल्या जाणाऱ्या समूहापुढे दमदाटी चालत नाही, तिथे गणित करावं लागतं.

डासांचंही तेच. गच्चीवरच्या टाक्यांत आणि जुन्या विहिरींत वाढणारा ॲनाफिलिस स्टीफेन्सी हा मुंबईतल्या मलेरियाचा वाहक. महापालिकेची माणसं धूर मारून गेली की 'हल्ली डासांना धुराचं काही वाटत नाही' अशी कुरकुर प्रत्येक सोसायटीत ऐकू येते. डीडीटीचा कीटकनाशक गुण 1939 मध्ये कळला, त्यासाठी 1948 मध्ये नोबेलही मिळालं, आणि तोवर डीडीटीला न जुमानणाऱ्या माश्या-डासांच्या नोंदी सुरू झाल्या होत्या. टाकीला घट्ट झाकण लावण्याला डासाची कोणतीही पिढी पर्याय काढू शकत नाही, म्हणून झाकण धुरापेक्षा मोलाचं. आणि 2021 मध्ये नाक्यावर उभा राहून 'हा डेल्टा वेगळा व्हेरिएंट आहे' असं एकमेकांना सांगणारे आपण काय बोलत होतो? रोज संध्याकाळी बातम्यांत उत्क्रांती पाहत होतो. कोणी पाहिलंय का, असं विचारणाऱ्यांनीही मास्कच्या आडून तेच पाहिलं.

डार्विनने स्वतः पुस्तकाची सुरुवात माकडाने केली नव्हती, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. 1859 च्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' या ग्रंथात माणसाबद्दल जेमतेम एक-दोन वाक्यं आहेत. माणसावरचं पुस्तक त्याने 1871 मध्ये, बारा वर्षांनी काढलं. 1859 च्या ग्रंथाच्या पहिल्या प्रकरणात आहेत कबुतरं. 1855 पासून त्याने घरी कबुतरं पाळली, लंडनमधल्या कबुतरवाल्यांच्या दोन क्लबांचा तो सभासद झाला, हिंदुस्थानातून वॉल्टर इलियट यांनी पाठवलेली कातडी तपासली. अकबराच्या लवाजम्यात वीस हजारांहून कमी कबुतरं कधी नसत, हा उल्लेखही त्या प्रकरणात आहे. शेपटीचा पंखा करणारा लक्का आणि जमिनीवर कोलांट्या खाणारा लोटन शेजारी ठेवा. पक्षिशास्त्रज्ञ रानात भेटले असते तर त्यांना वेगळ्या जातींची नावं देऊन मोकळे झाले असते. तरी दोघांचा पूर्वज एकच, कड्याकपारीत राहणारं साधं पारवं. माणसाने दर पिढीत हवी ती पिल्लं ठेवली, नको ती ठेवली नाहीत, एवढ्याने हा फरक पडला. माळी, गोपालक, कबुतरवाला जे करतो तेच निसर्ग कोणी करणारा नसताना करतो, हे त्याला सांगायचं होतं. दादरच्या कबुतरखान्यावरून 2025 च्या ऑगस्टमध्ये ताडपत्री, मोर्चे आणि कोर्टकचेऱ्या झाल्या. जीवदया की फुप्फुसं, असा तो वाद. त्या थव्यातल्या करड्या, ठिपक्यांच्या, मध्येच एखाद्या पांढऱ्या पक्ष्याकडे डार्विनच्या नजरेने कोणी पाहिलं नाही, ही माझी किरकोळ तक्रार.

आपल्याकडचा विरोध अमेरिकेसारखा नाही, हेही नीट समजून घ्यायला हवं. तिथे 1925 मध्ये टेनेसी राज्यात उत्क्रांती शिकवली म्हणून शिक्षकावर खटला झाला, आणि आजही पृथ्वी काही हजार वर्षांचीच आहे असं मानणारे लोक तिथे आहेत. एकटं कलियुगच 4,32,000 वर्षांचं मानणाऱ्या समाजाला कोट्यवधी वर्षांची भीती वाटत नाही. आपल्याकडे भांडण होत नाही. आपल्याकडे गळ्यात गळा घातला जातो. 'हे तर आमच्या दशावतारात आधीच आहे' असं म्हटलं की झालं. मत्स्य पाण्यात, कूर्म पाण्यात आणि जमिनीवर, मग वराह, मग अर्धा पशू अर्धा माणूस नरसिंह, मग बुटका वामन. 2019 च्या सायन्स काँग्रेसमध्ये एका कुलगुरूंनी हे व्यासपीठावरून सांगितलं, आणि गणपतीच्या कितीतरी मंडळांच्या देखाव्यांत ते वर्षानुवर्षं दिसतं.

ऐकायला गोड आहे, आणि सांगणाऱ्याचा हेतूही वाईट नसतो. पण या जुळवणीने नेमका उलटा धडा पक्का होतो. अवतारांची रांग आहे. एक संपला की दुसरा, आणि प्रत्येक जण आधीच्यापेक्षा माणसाच्या जवळ. उत्क्रांती म्हणजे शिडी, आणि शिडीच्या टोकावर आपण. 1965 मध्ये रुडॉल्फ झॅलिंजर यांनी काढलेलं ते प्रसिद्ध चित्र, वाकलेल्या वानरापासून ताठ चालणाऱ्या माणसापर्यंतची मिरवणूक, तिनेही जगभर हेच नुकसान केलं, तेव्हा दोष एकट्या आपल्या कीर्तनकारांचा नाही. खरी उत्क्रांती वडासारखी फुटत जाते, आणि कुठलीच फांदी दुसरीचा उद्देश नसते. झुरळ अपुरं राहिलेलं नाही. कान्हेरीचं माकड वाटेत थांबलेलं नाही. शिवाय दशावतारात देव काहीतरी कार्यासाठी येतो; त्या कथांचा प्राणच तो हेतू आहे. निसर्गनिवडीत हेतू नाही. ती कथा भक्तीची म्हणून केवढी मोठी आहे, तिला जीवशास्त्राचा कच्चा खर्डा करून ठेवणं म्हणजे दोघांचाही अपमान.

'मधले दुवे सापडत नाहीत' हा आक्षेप आता जुना झाला, तरी टिकून आहे. 2016 च्या जानेवारीत जुहूच्या किनाऱ्यावर पस्तीसेक फुटांचा मेलेला ब्रायडचा देवमासा लागला होता, बघायला ही गर्दी. त्याच्या पूर्वजांची हाडं फार लांब नाहीत, कच्छमध्ये आहेत. चार कोटींहून जास्त वर्षांपूर्वीच्या तिथल्या खडकांत आखूड पायांचे, अर्धवट पाण्यात राहणारे देवमासे सापडले आहेत. जम्मूतल्या कालाकोटजवळ मिळालेला इंडोहायस हा तर हरणासारखा दिसणारा, मांजराएवढा, खूर असलेला प्राणी. पण त्याच्या कानाजवळच्या हाडाची जाड कड थेट देवमाशासारखी. ए. रंगा राव या भूशास्त्रज्ञाने जमवलेले ते दगड कित्येक वर्षं न फोडता पडून होते. त्यांच्या पत्नीने ते पुढे दिले, आणि 2007 मध्ये त्यातून हा प्राणी जगासमोर आला. दुवा नव्हता असं नाही, कोणी दगड फोडला नव्हता.

खुद्द मुंबईतही जीवाश्म आहेत. वरळीच्या टेकडीतल्या, ज्वालामुखीच्या थरांमध्ये दबलेल्या गाळात सहा कोटींहून जास्त वर्षांपूर्वीचे बेडूक सापडले, लहानसे, हाडांची जुळणी शाबूत असलेले. ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी 1847 मध्ये त्यांचं वर्णन केलं. पुढे हेच ओवेन डार्विनचे कडवे विरोधक झाले. आज तिथे समुद्र दिसणाऱ्या फ्लॅटचा भाव सगळ्यांना तोंडपाठ आहे, बेडकांचं नाव कोणाला विचारू नका.

आता सगळ्यात घातक गैरसमज. तो अडाण्यांचा नाही, यशस्वी लोकांचा आहे: 'बळी तो कान पिळी, हा निसर्गाचाच नियम आहे, डार्विननेच सांगितलंय.' सर्वांत लायक तेच टिकतात, ही शब्दयोजना मुळात हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज तत्त्वज्ञाची, 1864 ची. डार्विनने ती 1869 च्या आवृत्तीत उचलली, आणि त्याच्या मागे कायमचं शुक्लकाष्ठ लागलं. गिरण्या गेल्या, त्यावर बोलताना मी हे वाक्य ऐकलंय: 'जे बदलले नाहीत ते संपले, सोप्पं आहे.' आधी मी गिरणगावाचा दाखला दिला तो समूह कसा बदलतो एवढं दाखवायला. त्यात न्याय होता की अन्याय, हे त्या दाखल्यातून निघत नाही, काढूही नये. निसर्गनिवड फक्त एवढं सांगते की अमुक परिस्थितीत अमुक गुणांच्या जिवांना जास्त वंशज झाले. जिंकला तो चांगला, असं ती कुठेच म्हणत नाही. क्षयाचा जंतू जिंकतोच की. आणि गिरण्यांच्या बाबतीत तर परिस्थितीही निसर्गाने आणलेली नव्हती. गिरण्यांच्या जमिनींचं काय करायचं ते ठरवणारा विकास नियंत्रण नियमावलीतला 58 वा नियम 1991 मध्ये लिहिला गेला आणि 2001 मध्ये बदलला गेला. मंत्रालयात, माणसांनी, पेनाने. त्याचा जाब विचारायचा तर माणसांना विचारा, डार्विनच्या दाढीआड लपू नका.

विकृती वाटणारा गुणही परिस्थितीप्रमाणे उपयोगी ठरतो, हे याच राज्यात दिसतं. पालघर, नंदुरबार, गडचिरोलीच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. त्या जनुकाची एक प्रत आली तर जीवघेण्या मलेरियापासून बराच बचाव होतो; दोन्ही आल्या तर आयुष्यभराचा आजार. मग या समाजांना लायक म्हणायचं की नालायक? प्रश्नच चुकीचा आहे.

हे सगळं शाळेत कुठे शिकायला मिळतं? सीबीएसई शाळांची पुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानातल्या 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या प्रकरणातून उत्क्रांती काढून टाकली. करोनाकाळात भार हलका करण्याच्या नावाखाली आधी वगळली, मग 2023 च्या पुस्तकांतून ती गेलीच. अठराशेहून जास्त शास्त्रज्ञ-शिक्षकांनी खुलं पत्र लिहिलं. 'बारावीच्या जीवशास्त्रात आहे की,' असं उत्तर आलं. पण अकरावीला जीवशास्त्र घेणारी मुलं किती? बाकीची कॉमर्सला, इंजिनिअरिंगला, आयटीआयला जातात. त्यांच्यासाठी दहावी हाच शेवटचा थांबा. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात मात्र पहिलंच प्रकरण 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हे आहे, आणि याचं श्रेय मंडळाला द्यायलाच हवं. म्हणजे आज मुंबईत एकाच मजल्यावर राहणाऱ्या दोन मुलींपैकी राज्य मंडळाच्या शाळेतलीला उत्क्रांती ठाऊक असते आणि महागड्या सीबीएसई शाळेतलीला नसते. फी भरणाऱ्या पालकांनी हे शाळेला कधी विचारलंय असं माझ्या ऐकिवात नाही.

तरीही आपल्या पुस्तकावर समाधान मानू नये. त्यात अवशेषांगं आहेत, जीवाश्म आहेत, लामार्क आणि डार्विन आहेत, शेवटी मानवी उत्क्रांती आहे. 'जोडणारे दुवे' म्हणून पेरिपॅटस, अंडी घालणारा सस्तन डकबिल प्लॅटिपस आणि लंगफिश आहेत. प्लॅटिपस आज ऑस्ट्रेलियाच्या नद्यांत मजेत पोहतोय, तो कोणाचा पूर्वज कसा होईल? मुलाच्या डोक्यात पुन्हा शिडीच बसते, आणि पुन्हा तोच प्रश्न उगवतो: मग तो अजून पूर्ण सस्तन का झाला नाही? सगळी उदाहरणं भूतकाळातली किंवा परदेशातली. ज्या मुलाच्या चाळीत, मजल्यावर, कदाचित घरात टीबीच्या गोळ्या चालू आहेत, त्याला हे प्रकरण त्या गोळ्यांबद्दल आहे याचा पत्ता लागत नाही.

यावर 'दहावीच्या मुलाला डॉक्टर थोडंच व्हायचंय' असं म्हणतात. नसेल व्हायचं. पण रुग्ण तो होणार, रुग्णाची आई किंवा भाऊ तो होणार. केमिस्टच्या काउंटरवर 'तीन दिवसांच्या गोळ्या द्या' म्हणणारा ग्राहक तोच, आणि काउंटरच्या पलीकडे, चिठ्ठी न मागता त्या देणाराही तोच. 2014 पासून एच-वन यादीतली, म्हणजे अनेक प्रतिजैविकं आणि टीबीच्या गोळ्या धरून, औषधं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे, नोंदवही ठेवायची आहे; आपल्या नाक्यावर ती कितपत पाळली जाते ते ज्याने त्याने आठवावं. कायद्यामागचं कारण काउंटरच्या दोन्ही बाजूंना ठाऊक नसेल तर इन्स्पेक्टर किती पुरे पडणार?

माझं म्हणणं असं की प्रकरणाचा क्रम उलटा करावा. आधी जंतू आणि औषध, कारण ते डोळ्यांदेखत होतं. मग डास, मग दादरची कबुतरं, मग कच्छचे देवमासे आणि वरळीचे बेडूक. माकड आणि माणूस अगदी शेवटी, डार्विननेही तसंच केलं होतं. तोवर मुलगा समूहाच्या भाषेत विचार करायला शिकलेला असेल आणि भावना दुखावण्याचा प्रसंगही बहुधा येणार नाही. पुस्तकाची नवी आवृत्ती कधीतरी निघेलच. तेव्हा प्लॅटिपसच्या जागी लेडरबर्ग दांपत्याचा मखमलीचा तुकडा आणि त्या चार बशा छापायला अर्धं पान पुरेल.